अठरा पायऱ्यांचा मनोरा

बसऱ्यात अशारच्या बाजारामागे मुलींची एक माध्यमिक शाळा आहे. ही गोष्ट घडली तेव्हा नजीहा अब्दुल-वाहिदला तिथे गणित शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली होती. उंचीनं बेताची, आवाजानं खणखणीत. जाड भिंगांच्या चष्म्याची एक काडी लढाईच्या पहिल्या आठवड्यात मोडली, ती दोऱ्यानं बांधली आणि तशीच राहिली. मुली तिला सित्त म्हणायच्या, बाई म्हणावं तसं. पाठीमागे मात्र तिचं नाव ‘पुन्हा मांड’ होतं, कारण उत्तर बरोबर आलं तरी ती पायऱ्या पुन्हा मांडायला लावायची.

तिचे वडील अबुल-खसीबला होड्या बांधायचे. कागदावर एक रेघ न ओढता, फळी हातानं चाचपून, एक डोळा मिटून ते सांगायचे, पाणी इथून असं कापलं जाईल. होडी नदीत उतरली की पाणी तसंच कापलं जायचं. लहान नजीहा विचारायची, “बाबा, पाण्याच्या आधी तुम्हाला कसं कळतं?” ते म्हणायचे, “जुनी ओळख आहे.” तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. पाण्याच्या आधी कळण्याची काहीतरी रीत असणार, आणि ती गणितात असणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. म्हणून ती गणित शिकली. विद्यापीठात दुसरी आली. पुढं बाहेरदेशी जायचं ठरत होतं, तेवढ्यात वडिलांचं एक अंग लुळं पडलं आणि ती शाळेत लागली. एकवीस वर्षांत हजारभर मुली तिच्या हाताखाली लॉगॅरिदम शिकल्या, परीक्षेत उतरवून आल्या आणि विसरल्या. गणित जगात काही उचलतं, हलवतं, उकळतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

एक्क्याण्णव सालच्या शरदात, खजूर उतरवून झाल्यावर, तिच्या बहिणीचा मुलगा कुतैबा तिच्याकडे आला. तिशीला टेकलेला, रसायनांचा इंजिनिअर, शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात कामाला. खजुराचा पाक आंबवून तिथे इस्पितळांसाठी स्पिरिट काढायचे. लढाईत कारखान्याची राख झाली होती.

“खाला, इस्पितळात थेंबभर स्पिरिट उरलं नाही,” तो चहाच्या पेल्याकडे बघत म्हणाला.

नजीहाला ते ठाऊक होतं. त्याच आठवड्यात शेजारणीला भेटायला ती इस्पितळात गेली होती. तिथली नर्स उकळलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून टाके पुसत होती आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

“तुझा तो मनोरा गेला ना?”

“गेला. नकाशेही जळाले. पण भंगारात दुसरा एक सापडलाय. जुना तीस ताटांचा होता, हा अठराचा.”

“ताटं कसली? मला काही माहीत नाही असं धरून सांग.”

कुतैबानं पेला उचलून मधोमध ठेवला. “एक उंच नळकांडं. आत एकावर एक भोकाभोकांची ताटं. मध्ये कुठंतरी आंबवलेला पाक सोडायचा, तळातून वाफ. वाफ वर चढते, द्रव ताटाताटावरून खाली उतरतो. प्रत्येक ताटावर दोघांची गाठ पडते. स्पिरिट उडायला उतावळं, पाणी जड. म्हणून दर ताटाला वर जाणाऱ्या वाफेत स्पिरिट थोडं वाढतं आणि खाली जाणाऱ्या द्रवात थोडं घटतं. माथ्यावर पोचलेली वाफ थंड केली की झालं स्पिरिट. पण ते सगळं बाहेर काढायचं नाही. काही भाग परत वरच्या ताटावर ओतायचा. ती परतीची धार नसली तर मनोरा नुसता धुराडं.”

“मग अडलंय कुठं?”

“शंभरात नव्वद तरी स्पिरिट हवं. अठरा ताटांत ते होईल का, पाक कितव्या ताटावर सोडायचा, धार किती परत करायची, यातलं काही माहीत नाही. करून बघावं तर पाक एका खेपेपुरता आणि बॉयलरला तेलही तेवढंच. फसलं तर पुढच्या खजुरापर्यंत वाट बघा.”

“म्हणजे आधी कागदावर चालवून बघायला हवा.”

“तेच करतोय दोन आठवडे. विद्यापीठातला संगणक बंद पडलाय. आणि एकट्यानं होत नाही, खाला. एका ताटाचा आकडा बदलला की वरच्याचा आणि खालच्याचा बदलतो. ते बदलले की हा पुन्हा बदलतो. मी तिसऱ्या ताटावर बुडालोय.”

त्यानं कागद पुढं केले. नजीहानं ते संध्याकाळभर वाचले. एका ताटाचं गणित काही कठीण नव्हतं. वरून आलं ते अधिक, खालून आलं ते अधिक, गेलं ते वजा, ताटावर साठलंय त्यानं भागा, जुन्या आकड्यात मिळवा. शाळेतल्या मुलीला जमेल. कठीण होतं ते अठरा ताटांचं एकाच वेळी जगणं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुली जिन्यावरून खाली उतरू लागल्या. वरच्या मजल्यावर वर्ग असलेल्या मुली त्याच वेळी वर चढत होत्या. नजीहा खांबाला टेकून उभी होती. उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या मुली पायरीपायरीवर एकमेकींना खेटत, काहीतरी कुजबुजत पुढे जात होत्या. तिनं पायऱ्या मोजल्या. नऊ, मग वळण, मग नऊ. गर्दी ओसरल्यावरही ती तिथेच उभी होती.

मुख्याध्यापिका सित्त बल्कीस यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे मुलींच्या शाळेच्या जिन्यावर तू अरकाची दारू गाळणार.”

“कागदावर, सित्त बल्कीस. कागद हुंगलात तर शाईचाच वास येईल.”

“बाजारात काय वास येईल ते मला विचार. आज सांगितलंस, उद्या मासळीबाजारात म्हणतील, शाळेतल्या बायका झिंगून जिन्यावर पडल्यात.”

“इस्पितळात मिठाच्या पाण्यानं टाके धुताहेत.”

सित्त बल्कीस यांनी चष्मा उचलून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “शाळा सुटल्यावर दोन तास. शेवटच्या वर्गाच्या मुली, आणि त्यांच्या आयांची चिठ्ठी आणून. आणि कोरा कागद मागायचा नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठी वापरा.”

अकरा मुली मिळाल्या. पाच शिक्षिका आल्या, त्यातल्या इतिहासाच्या बाई हिशेबाला घाबरायच्या, पण घरी वीज नसल्यामुळं करमत नाही म्हणून आल्या. एका पायरीवर कुतैबा बसला. एक जागा रिकामी राहिली, तिथे स्वतः सित्त बल्कीस येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “माझ्याकडे असं बघू नका. पेन्सिल द्या.”

माथ्यावर, अठराव्या पायरीच्याही वर, शाळेत चहापाणी करणाऱ्या उम्म सबाहला बसवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्यापुढं खजुराच्या बियांचा ढीग ठेवला. वरून निघालेल्या वाफेच्या तीन बिया झाल्या की दोन परत खाली द्यायच्या, एक टोपलीत टाकायची.

“का बरं परत द्यायच्या?” तिनं विचारलं. “मिळालेलं परत देणारी वेडी कोण?”

“परत दिलंत तर पुढच्या खेपेला चोख येतं,” नजीहा म्हणाली.

“असं होय,” उम्म सबाह म्हणाली आणि बाह्या सारून बसली.

सगळ्या पायऱ्यांवर सुरुवातीला एकच आकडा लिहिला, पातळ पाकाचा. प्रत्येकीकडे दोनच शेजारणी, एक वरची, एक खालची. प्रत्येकीकडे एक तक्ता, द्रवात इतकं स्पिरिट असलं तर वाफेत किती आणि ते किती अंशांवर उकळतं, हे सांगणारा. सहा जणींकडे चालू गणकयंत्रं होती, बाकीच्या लॉगटेबलावर. नजीहा वळणावर उभी राहिली. लाकडी पट्टी कठड्यावर आपटली की प्रत्येकीनं आपली चिठ्ठी एक वर द्यायची, एक खाली. पुन्हा गणित. पुन्हा पट्टी. मनोऱ्यातलं अर्धं मिनिट उलटायला जिन्यावर तीन मिनिटं लागत होती.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. चिठ्ठ्या चुकीच्या हातात गेल्या, इतिहासाच्या बाईंनी भागाकाराऐवजी गुणाकार केला आणि त्यांच्या पायरीवर पाण्यापेक्षा जास्त स्पिरिट उकळू लागलं. दुसऱ्या दिवशी हात बसला. तिसऱ्या दिवशी बोलणं थांबलं. फक्त पेन्सिलींची खसखस आणि पट्टीचा आवाज.

चौथ्या दिवशी नजीहाला जाणवलं. वरच्या पायऱ्यांवरचे आकडे वाढत होते. त्यांना वाढा असं कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याच चिठ्ठीवर ‘वर स्पिरिट जास्त असतं’ असं लिहिलेलं नव्हतं. पंधराव्या पायरीवरच्या मुलीला तळाशी वाफ आहे हेही आठवत नसेल. ती आपली दोन आकडे घेत होती, दोन देत होती. तरी स्पिरिट चढत होतं. पायरीपायरीनं, उत्तरपत्रिकांच्या पाठीवरून, हातांहातांतून ते वर सरकत होतं, आणि पाणी तितक्याच शांतपणे खाली उतरत होतं. नजीहाच्या अंगावर काटा आला. पट्टी तिच्या हातात तशीच राहिली.

“सित्त?” खालून कुणीतरी म्हणालं.

“हं,” ती म्हणाली आणि पट्टी आपटली.

त्या आठवड्याअखेर आकडे हलायचे थांबले. माथ्यावर चौऱ्याण्णव. कुतैबा पायरीवरून उठून नाचायचाच बाकी होता. दुसऱ्या दिवशी तो अबू फलाहला घेऊन आला. अबू फलाह साठीचा, तोंडावर देवीचे वण, चोवीस वर्षं त्यानं जुना मनोरा सांभाळला होता. शिकलेला बेताचाच, पण बाहेरच्या वाहिन्यांवर हात ठेवून आत काय चाललंय ते सांगायचा, अशी त्याची ख्याती.

त्यानं जिन्याकडे बघितलं, मुलींकडे बघितलं, कागदावरचे चौऱ्याण्णव बघितले आणि मनापासून हसला. “सित्त, असा मनोरा मला मिळाला असता तर मी चोवीस वर्षं खुर्चीत घोरलो असतो.”

“चूक कुठं आहे?” नजीहानं विचारलं. तिला राग आला नव्हता. उत्तर पुन्हा मांडायची तिलाच सवय होती.

“तुमची ताटं पोरींसारखी आहेत. सांगितलेलं सगळं करतात. खरं ताट आळशी असतं. वाफ घाईत निघून जाते, द्रवाशी धड बोलतही नाही.”

“किती आळशी?”

“ते मी काय सांगू? मी काही मास्तर नाही.”

“जुन्या मनोऱ्यावर तापमापक किती होते?”

“पाच.”

“कुठल्या ताटांवर? आणि चांगला चालत असताना काय दाखवायचे?”

अबू फलाहनं डोळे मिटले. मग तळापासून माथ्यापर्यंत एकेक ताट आणि एकेक अंश त्यानं सांगितला, उन्हाळ्यातले वेगळे, हिवाळ्यातले वेगळे, जणू नातवंडांची वयं सांगतोय. नजीहानं लिहून घेतलं. तीन दिवस ती आणि कुतैबा त्या पाच आकड्यांवरून उलटे मोजत गेले: ताटांनी किती काम केलं असतं तर हे अंश दिसले असते? शेवटी निघालं ते निम्मं. एक ताट जेमतेम निम्मं काम करत होतं. म्हाताऱ्याच्या डोक्यात राहिलेल्या पाच आकड्यांत तीस ताटांचा आळस साठून राहिला होता, हे बघून नजीहानं ते पाच आकडे पुन्हा एकदा वाचले. नकाशे जळाले होते, पण मनोरा पुरता जळला नव्हता.

जिना पुन्हा सुरू झाला, आता आळशी ताटांसह. पाक मधल्या नवव्या पायरीवर. अबू फलाह रोज येऊ लागला. तो तळाच्या पायरीशी, बॉयलरच्या जागी मांडी घालून बसायचा आणि टोमणे मारायचा. “कागदावर वाफ चढवताय, चढवा. पोळली तर मला सांगा.” मुली त्याला अम्मू म्हणू लागल्या, काका म्हणावं तसं, आणि एकीनं त्याला विचारलंही, “अम्मू, तुम्ही कधी मनोऱ्याच्या आत गेला होतात?”

“आत?” तो म्हणाला. “आत कोण जाईल? आत शंभर अंश. चोवीस वर्षं बाहेरून फिरलो. भोवती, भोवती.”

सहा दिवसांनी आकडे पुन्हा थांबले. माथ्यावर नव्वद. मुली पाय पसरून बसल्या, सित्त बल्कीस यांनी उम्म सबाहला सुक्या लिंबाचा चहा ठेवायला सांगितलं. नजीहानं प्रत्येकीला आपल्या पायरीची उष्णता शेवटच्या चिठ्ठीवर लिहायला लावली.

तेव्हा अबू फलाह उठला. कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथल्या मुलीला विचारलं, “तुझी किती, बेटा?”

“नव्याण्णव, अम्मू.”

तो दुसरीवर गेला. “तुझी?”

असा तो वर चढत राहिला. चौथ्या पायरीवर त्यानं मान हलवली. सातव्या पायरीवर इतिहासाच्या बाईंनी आकडा सांगितला तेव्हा तो थांबून म्हणाला, “हो. इथे असाच घाम फुटायचा त्याला.” नजीहा वळणावरून बघत होती. चोवीस वर्षं ज्याच्या भोवती तो फिरला होता, त्याच्या आतून तो आता चालत होता. त्याचा चेहरा एखाद्या आप्ताच्या घरात पहिल्यांदाच शिरलेल्या माणसासारखा झाला होता. ताटामागून ताट ओलांडत, वाफेच्या वाटेनं. त्याचे ओठ हलत होते, पण तो काय म्हणत होता ते कुणालाच ऐकू आलं नाही.

अकराव्या पायरीवर इक्बाल नावाची मुलगी बसली होती. हुशार आणि जरा उद्धट. तिनं आकडा सांगितला. अबू फलाह पुढं गेला नाही.

“पुन्हा सांग.”

तिनं सांगितला.

“नाही. इथे दोन अंश जास्त आहेत.”

“माझं गणित चुकत नाही,” इक्बाल म्हणाली.

“तुझं नसेल चुकत. मनोऱ्याचंही नाही चुकत. इथपर्यंत त्याची उष्णता झपाझप उतरते, तू मध्येच त्याला अडवून धरलंयस.”

नजीहानं इक्बालचे कागद घेतले. एकूण एक बेरीज बरोबर होती. मग तिनं तक्ता घेतला. तक्ते कार्बन लावून उतरवलेले होते, आणि इक्बालच्या वाट्याला सगळ्यात खालची, पुसट प्रत आली होती. अरबी आकड्यांत दोनमध्ये आणि तीनमध्ये एका दात्याचा फरक. एका ओळीत कार्बनच्या डागानं दोनाला दुसरा दाता फुटला होता. इक्बालची पायरी सहा दिवस आपल्या कुवतीपेक्षा जास्त स्पिरिट वर पाठवत आली होती, आणि माथ्यावरचं नव्वद त्या एका डागावर उभं होतं.

इक्बालच्या डोळ्यांत पाणी आलं. अबू फलाहनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नकोस. मी चोवीस वर्षांत याहून मोठ्या चुका केल्यात. फरक एवढाच, माझ्या वेळी कारखान्याच्या छतावरून वाफ निघायची.”

डाग खरडून पुन्हा जिना चालवला. दोन दिवसांत आकडा घसरत घसरत चौऱ्याऐंशीवर येऊन थांबला. चौऱ्याऐंशी पुरेसं नव्हतं. त्या दिवशी चहाही कुणी घेतला नाही. कुतैबा डोकं धरून बसला. “पायऱ्याच कमी आहेत. आणखी बारा कुठून आणू?”

“बारा नको आणूस,” नजीहा म्हणाली. ती तळापासून माथ्यापर्यंतच्या चिठ्ठ्या क्रमानं मांडून बघत होती. “हे बघ. पाकाच्या खालच्या पायऱ्यांना फारसं कामच नाही. पाकापासून खाली पाच-सहा पायऱ्यांतच पाण्यातलं स्पिरिट संपतं, त्याखालच्या नुसत्या बसून आहेत. पाक नवव्यावर कशाला? सहाव्यावर सोडू. तीन पायऱ्या वरच्या कामाला मिळतील.”

“तेवढ्यानं सहा नाही वाढायचे.”

“आणि उम्म सबाह तीनातल्या दोनाऐवजी चारातल्या तीन परत देईल.”

“मग बाहेर थोडंच पडेल, खाला. बॉयलर तेवढाच आहे.”

तळाशी बसलेला अबू फलाह म्हणाला, “थोडं पडू दे. चोख पडू दे.”

वरून उम्म सबाहनं विचारलं, “म्हणजे मी आता आणखी परत द्यायच्या?”

“आणखी,” नजीहा म्हणाली.

“बरं तर. सवय झालीय,” असं म्हणून तिनं टोपली आणखी लांब सरकवली.

पाच दिवस लागले. आता हात इतका बसला होता की एक फेरी दीड मिनिटात व्हायची, आणि जिन्यावरून जाणाऱ्या लहान वर्गातल्या मुली पट्टीच्या तालावर पाय टाकत उतरायच्या. सोमवारी माथ्यावर अठ्ठ्याऐंशी झाले. मंगळवारी नव्वद. बुधवारी एक्क्याण्णव, आणि मग कितीही पट्टी आपटली तरी एक्क्याण्णव. अबू फलाह पुन्हा पायरीपायरीनं चढला. या वेळी तो कुठेच थांबला नाही. माथ्यावर पोचल्यावर उम्म सबाहनं त्याला सरकून जागा करून दिली आणि तो तिच्या शेजारी बसून राहिला.

मनोरा उभा राहायला जानेवारी उजाडला. सहाव्या ताटाशी नवं भोक पाडलं, तापमापक बसवले. ज्या सकाळी वाफ सोडायची होती त्या सकाळी नजीहा, सित्त बल्कीस आणि अकरा मुली कारखान्याच्या ट्रकमधून गेल्या. थंडी होती, शट्ट-अल-अरब नदीवरून बोचरं वारं येत होतं. नजीहानं मनोरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गंजलेला, जोडाजोडांवर नव्या वेल्डिंगचे व्रण. तो इतका मुका दिसत होता की याच्या आतल्या प्रत्येक ताटाशी आपली ओळख आहे हे तिला खरं वाटेना.

कुतैबानं झडप उघडली. पाक आत गेला. खालून वाफेचा आवाज सुरू झाला. तास गेला, दुसरा गेला. अबू फलाह वाहिनीवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात जिन्यावरच्या चिठ्ठ्यांची जुडी होती. तिसऱ्या तासाला त्यानं हात उचलून सांगितलं, “आता वाचा.”

कुतैबा शिडीवर चढून तापमापक वाचू लागला, आणि खाली अबू फलाह चिठ्ठी वाचायचा.

“सहावं ताट, त्र्याण्णव.”

“त्र्याण्णव,” अबू फलाह म्हणाला.

“बारावं, चौऱ्याऐंशी.”

चिठ्ठीवर पंच्याऐंशी होतं. त्यानं ती वाचली आणि इक्बालकडे बघून भुवई उडवली. ती म्हणाली, “बारावी माझी नाही, अम्मू.”

“माथा, एकोणऐंशी.”

“एकोणऐंशी.”

गार झालेल्या नळीतून पहिली धार पडू लागली, पाण्यासारखी, पण पाण्यापेक्षा हलकी. कुतैबानं काचेच्या उंच भांड्यात ती धरली आणि शंभरात स्पिरिट किती ते दाखवणारी तरंगती काडी सोडली. काडी नव्वदच्या रेघेशी येऊन थांबली. जिन्यानं एक्क्याण्णव सांगितलं होतं.

मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. नजीहा बाजूला गेली आणि मनोऱ्याच्या गार बाजूला, माथ्याच्या नळीखाली उभी राहिली. आत अठरा ताटांवर या क्षणी तेच चाललं होतं जे महिनाभर जिन्यावर चाललं होतं, फक्त अब्जावधी पटींनी दाट आणि विनापेन्सिल. वाफेला लॉगटेबल ठाऊक नव्हतं. तिला परीक्षेची भीती नव्हती, इतिहासाच्या बाईंचा गुणाकार ठाऊक नव्हता. तरी ती जवळपास त्याच आकड्यांवर येऊन स्थिरावली होती. जग आपलं गणित न मांडताच सोडवत होतं, आणि अठरा माणसांनी मांडून सोडवलेलं त्याच्याशी एका अंशात जुळलं होतं. ती बराच वेळ तिथे उभी होती. सित्त बल्कीस तिला बोलवायला आल्या, तिचा चेहरा बघितला आणि न बोलताच परत गेल्या.

पहिला कॅन त्याच दुपारी इस्पितळात गेला.

तो मनोरा अकरा वर्षं चालला. अबू फलाह त्यातली सात वर्षं त्याच्यापाशी होता आणि नव्या माणसांना शिकवताना तो त्यांना कारखान्यात न नेता आधी शाळेच्या जिन्यावर नेऊन चालवायचा. इक्बाल रसायनशास्त्र शिकली. उम्म सबाहनं लोकांना सांगितलं की स्पिरिट तिच्या हातून चोख झालं, आणि ते खोटं नव्हतं.

नजीहा शाळेतच राहिली. पण शिकवणं बदललं, असं तिच्या नंतरच्या मुली सांगतात. निवृत्त झाल्यावर ती वडिलांच्या अबुल-खसीबच्या घरी राहायला गेली. तिथे समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर नदीतून वर यायला लागलं होतं आणि खजुराची झाडं शेंड्यापासून वाळत होती. तिनं वरच्या संगमावरच्या कुर्नापासून समुद्राकाठच्या फाओपर्यंतची नदी चोवीस तुकड्यांत कापली, वहीच्या पानांवर. वरून गोडं पाणी, खालून भरती, प्रत्येक तुकड्याला दोन शेजारी. कुतैबानं तिला एक जुना संगणक आणून दिला, तिनं तो आठवड्यातून एकदाच, वीज असेल तेव्हा, लावला. एरवी पेन्सिल. आठवड्याचं मीठ मोजायला तिनं गावातल्या सात बायकांना नदीकाठी पाठवलं, आणि त्या बाटल्या भरून आणायच्या.

पहिली दोन वर्षं तिचे आकडे चुकले. वारा तिनं धरलाच नव्हता; तो सलग चार दिवस वाहिला की खारं पाणी कुठल्या कुठं सरकायचं, हे एका म्हाताऱ्या नावाड्यानं तिला दाखवलं. तिनं ते मांडलं. तिसऱ्या वर्षापासून बागायतदार तिच्या दाराशी येऊ लागले.

“सित्त, बुधवारी पाणी घेऊ का बागेला?”

ती वही उघडायची, बोटानं अठराव्या तुकड्यापाशी थांबायची. “बुधवारी सकाळी नको. दुपारी ओहोटीनंतर घ्या. दोन तास. मग बंद करा.”

आणि बुधवारी दुपारी ती स्वतः घाटावर जाऊन बसायची, पाण्यात हात घालून ओंजळभर पाणी जिभेला लावायची, आणि ते खरंच गोडं निघालं की तिच्या तोंडून हलकेच निघून जायचं, “सुब्हानल्लाह.” प्रत्येक बुधवारी. सवय तिला कधी झालीच नाही.